मुतखडा झाला म्हणून सांगितलं

प्रोस्टेटला मराठीत ‘पौरुषग्रंथी’ हे नाव ज्यानं कोणी दिलं, तो मला एकदा भेटायला हवा. मी त्याला अमरावतीच्या त्या दवाखान्यात नेईन, लोखंडी बाकावर त्याच्या बायकोशेजारी बसवीन आणि समोरची पाटी मोठ्यानं वाचायला लावीन. मूत्रपिंडाचे विकार, मूत्राशयाचे विकार, मुतखडा, पौरुषग्रंथीचे विकार. पहिल्या तीन नावांना कोणाची हरकत नसते. चौथ्यापाशी आलं की माणूस घसा खाकरतो. डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. अक्रोडाएवढा अवयव, लघवीच्या पिशवीखाली बसलेला. प्रत्येक पुरुषाला असतो आणि वय झालं की बहुतेकांचा फुगतो. एवढ्याशा गोष्टीवर पुरुषाचं सगळं पौरुष नेऊन ठेवायची काय गरज होती? दुसरं नाव सुचलं नाही त्या शहाण्याला?

मी काही फार शिकलेला माणूस नाही. एकतीस वर्षं एसटी चालवली, अकोला-अकोट आणि मूर्तिजापूरवरून अकोला-अमरावती. दोन मुली झाल्या, दोघींची लग्नं केली, निवृत्त होऊन अकोल्यात घर धरून बसलो. शब्दांवर भांडायचं माझं काम नाही. पण त्या एका शब्दाला लाजून मी खोटं बोललो आणि ते खोटं माझ्या थोरल्या भावाच्या जिवावर बेतलं. म्हणून हे लिहितो आहे. राग शब्दावर काढणं सोपं आहे, हेही मला कळतं.

निवृत्तीनंतर दोनेक वर्षांनी माझी लघवीची धार बारीक झाली. उभं राहायचं, वाट पाहायची, नळ नीट बंद न झाल्यासारखं थेंब थेंब व्हायचं. झालं म्हणून निघावं तर चार पावलांवर पायजमा ओला. अकोल्यात या सगळ्याला एकच उत्तर आहे, उन्हाळी लागली. धन्या-जिऱ्याचं पाणी प्या, सब्जा भिजवून खा. मी प्यालो, खाल्लं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, स्वेटर घालायचे दिवस आले, तरी मी आपला उन्हाळी लागली म्हणतच होतो. शेवटी बायको म्हणाली, “थंडीत कोन्ती उन्हाळी लागते बाप्पा? चला डॉक्टरकडे.”

अकोल्यातल्या डॉक्टरकडे जायला मी तयार नव्हतो. त्याचं कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो. आमच्या डेपोतला एक मेकॅनिक माझा जुना दोस्त. मुसलमान माणूस, बोलायला मोकळा. आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी सकाळी एका चहाच्या टपरीवर जमायचो. एक दिवस तो हसत आला आणि म्हणाला, “अपना प्रोस्टेट का आपरेशन हो गया भई, पाइपलाइन एकदम साफ!” त्यानं जसं गाडीचं काम सांगावं तसं सांगितलं. आणि आम्ही काय केलं? हसलो. एकजण म्हणाला, मशीन बंद पडली म्हण की. सगळ्यात मोठा विनोद माझा होता. मी म्हटलं, “आता बायकांच्या राखीव सीटवर बसत जा, तुले तिकीटबी अर्धंच लागन.” टपरीवाल्यासकट सगळे पोट धरून हसले. तोही थोडा हसला. त्यानंतर तो टपरीवर यायचा बंद झाला. का येत नाही, असं आमच्यापैकी कोणी त्याला विचारलं नाही.

तर मी बायकोला घेऊन अमरावतीला गेलो. रक्त तपासलं, मग सुया टोचून तुकडे काढून तपासले, आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांनी कॅन्सर आहे असं सांगितलं. बाहेर पसरलेला नाही, वेळेवर आलात, किरणांचा शेक आणि इंजेक्शनं यांनी आटोक्यात राहील, असंही सांगितलं. मी मान हलवत होतो. मग त्यांनी विचारलं, “तुम्हाला सख्खे भाऊ आहेत?” एक आहे म्हटलं, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, अकोटला असतो. “मग त्यांना आजच सांगा. घरात एकाला झालं की भावाला धोका जास्त असतो. रक्ताची एक साधी तपासणी आहे. आणि त्यांना मुलं असतील तर तीही पंचेचाळिशीला आली की त्यांनाही.” मी हो म्हटलं. इतक्या सरळ आवाजात हो म्हटलं की डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत माझं ठरलं होतं. मुतखडा झाला म्हणून सांगायचं. मुतखडा हा किती सभ्य आजार आहे पाहा. नावात चक्क मूत आहे, तरी माणूस तो सुनेसमोर बोलतो, व्याह्यासमोर बोलतो, किती एमेमचा निघाला ते बोटांनी दाखवतो. दुखलं म्हणून लोळलो हे अभिमानानं सांगतो. मुतखडा झालेल्याला कोणी हसत नाही. बायको म्हणाली, “लोकायले काय सांगायचं ते सांगा, दादायले खरं सांगा.” तेव्हा मी गाडीतच तिचा हात धरून माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, “माह्या डोक्याची शपथ हाय तुले. कोनाले बोलली तर माहं मेलेलं तोंड पायशील.” ज्या माणसाला तासाभरापूर्वी कॅन्सर सांगितला, त्याच्या डोक्याची शपथ! ती बाई ती कशी मोडणार होती? मी ते बरोबर ओळखून केलं होतं.

इंजेक्शनाचं असं आहे, की हा कॅन्सर पुरुषाच्या हार्मोनवर पोसतो, म्हणून ते हार्मोनच बंद करून टाकतात. तीन महिन्यांनी पोटात एक सुई. डॉक्टरांनी काय काय होईल ते सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं. दुसऱ्या महिन्यात बसल्या जागी छातीतून वाफ वर चढायला लागली, मान, कान, टाळू, सगळं तापायचं आणि मग घामानं बनियन भिजायचं. दोन मिनिटांत थंडी वाजायची. छाती सुजून दुखायला लागली, शर्ट लागला तरी कळ यायची. दाढी दोन दिवसांआड केली तरी चालायची. बायकोबद्दल काही वाटायचं ते वाटेनासं झालं आणि वाटत नाही याचं वाईटही वाटेना, ते मला सगळ्यात भयंकर वाटलं. टीव्हीवर कोणाच्या लेकीची पाठवणी लागली की माझे डोळे भरायचे. मग मी स्वतःवरच चिडून टीव्ही बंद करायचो.

एक दिवस अशीच वाफ आली, जानेवारीत, भरदुपारी. मी बनियन काढून पंख्याखाली उभा होतो. बायको भाजी निवडत होती. ती वर न पाहता म्हणाली, “आता थंडी वाजन, टावेल घ्या.” आणि खरंच वाजली. मी विचारलं, तुला काय माहीत? ती म्हणाली, “माही पाळी गेली तवा सहा वर्सं मले हेच होत होतं. मी पंखा लावो, तुमी बंद करा. म्हना, थंडीत पंखा कायले पायजे, नाटकं करून रायली.”

“तू कवा सांगितलंच नाई मले,” मी म्हटलं.

“सांगितलं. तुमी पेपर वाचत होते.”

मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण ओरडलो, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. ती भाजी निवडत राहिली. तिला या वाफेचं नाव माहीत नव्हतं, डॉक्टर नव्हता, तीन महिन्यांची सुई नव्हती, आणि घरात माझ्यासारखा एक पंखा बंद करणारा होता. माझ्या आजाराला पाटीवर निदान एक फुगवलेलं नाव तरी होतं.

त्याच हिवाळ्यात दादा मला पाहायला अकोटहून आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. जन्मभर जिनिंगमध्ये फिटर होता, कापसाच्या धुळीत खोकत खोकत रिटायर झाला, पण अंगानं काटक. येताना तुरीच्या शेंगांचं गाठोडं आणलं. अंगणात खाटेवर बसून शेंगा सोलत त्यानं माझी चौकशी केली आणि मग आवाज थोडा खाली आणून म्हणाला, “मलेबी तसंच होऊन रायलं रे. धार बसूनच गेली. अर्धा घंटा झाला का पुन्हा जा लागते. मलेबी खडाच असन. तुले कायनं गुण आला?”

बायको चहा घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिची ती नजर मला मरेपर्यंत पुरेल. एक वाक्य बोलायचं होतं मला. दादा, मला मुतखडा नाही. बस, एवढंच. समोर कोण होतं? ज्यानं मला सायकल शिकवली, ज्याच्या जुन्या पँटी मी दहावीपर्यंत घातल्या, तो. त्याच्यासमोर कसली आली होती लाज?

मी म्हटलं, “पानफुटीनं.”

आमच्या अंगणात पानफुटीचं झाड आहे, जाड पानांचं, मुतखड्यावर खातात. मी उठलो, स्वतःच्या हातानं पानं खुडली, धुतली आणि पिशवीत भरून त्याला दिली. रोज सकाळी अनशापोटी दोन, म्हणून सांगितलं. त्यानं विचारलं, “डॉक्टरले दाखवू का एकडाव?” आणि मी म्हटलं, “डॉक्टर लगेच कापाकापीवर येते. थांब थोडे दिवस.” हे मी सहज नाही बोललो. तो डॉक्टरकडे गेला असता तर त्याला खऱ्या आजाराचं नाव कळलं असतं, आणि घरी येऊन त्यानं पहिल्यांदा मला विचारलं असतं की तुझंही हेच होतं का रे? तेवढं टाळायला मी माझ्या भावाला थांब म्हटलं. यावर मला कोणाची समजूत नको आहे.

तो गेल्यावर बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, “शपथ काढा. मी फोन करतो दादायले.” मी म्हटलं, गुण आला नाही तर पाहू. दादाचा फोन यायचा, पानं संपली, अजून पाठव. मी पिशवी भरून बसस्टँडवर जायचो, अकोटच्या गाडीच्या ओळखीच्या ड्रायव्हरजवळ द्यायचो, दुपारपर्यंत ती दादाच्या हातात. बरं वाटते का विचारलं की तो म्हणायचा, “थोडा फरक हाय.” फरक कसला असणार? माझं मन राखायला म्हणत असेल. असं वर्षभराच्या वर चाललं. त्याची कंबर दुखायला लागली, त्याला वाटलं जिनिंगमध्ये वाकून वाकून दुखते. वहिनी शेक-मालीश करायची. मी फोनवर म्हणायचो, वय झालं दादा, दुखणारच. माझे स्वतःचे रिपोर्ट तोपर्यंत चांगले यायला लागले होते.

एक दिवस तो आंघोळीला उठला आणि पायच उचलेनात. पुतण्यानं त्याला अकोल्याला आणलं. कॅन्सर प्रोस्टेटमधून निघून पाठीच्या कण्यात गेला होता. मी वॉर्डात गेलो तेव्हा नळी लावलेली होती, पिशवी खाटेला टांगलेली. दादा मला पाहून हसला. म्हणाला, “माहा खडा तुह्यापेक्षा मोठा निंगाला वाट्टे.” त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि मी, खाटेशेजारच्या स्टुलावर बसलेलो, त्याचा हात हातात, तेव्हाही नाही सांगितलं. आता सांगून काय उपयोग, त्याला त्रास नको, असं स्वतःला म्हणालो. माणूस स्वतःला वाचवतो आणि त्याला दुसऱ्याची काळजी म्हणतो.

बाहेर व्हरांड्यात पुतण्यानं मला बाजूला घेतलं. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या माणूस, पण इकडेतिकडे पाहून कुजबुजला, “काका, डॉक्टर ते पौरुषग्रंथी का काय म्हन्ते. लोकायले काय सांगू? मुतखडाच सांगतो, किडनीवर गेला म्हनून.” मी म्हटलं, “हो, तेच सांग.” म्हणजे ते खोटं आता पुढच्या पिढीला नीट पोचवून झालं होतं.

दादा अडीच महिने राहिला. इंजेक्शनं दिली, शेक दिला, पण फार उशीर झाला होता.

तेरवी अकोटला घरीच होती. मांडवात पंगती उठून गेल्या होत्या, घरची आणि जवळची माणसं पान-सुपारी खात बसली होती. कोणी नवीन आलं की विचारायचं, कायनं गेले? आणि पुतण्या सांगायचा, मुतखडा. तेरा दिवसांत त्याची जीभ त्या शब्दाला सरावली होती. धामणगावकडचा एक पाहुणा त्याला म्हणाला, “घरान्यात मुतखडा हाय म्हन्जे तूबी सांभाळून राय बाप्पा. आतापासूनच पानफुटी खात जाय.”

पुतण्या म्हणाला, “खातो ना. बाबाची पिशवी हाय घरात, काकानं पाठवलेली. मलेबी आजकाल थोडं तसंच वाटून रायलं.”

मी कधी उठलो ते मला कळलं नाही. खुर्ची मागे पडली तेवढा आवाज आठवतो. मी ओरडलो, “फेकून दे ते पानं!” आतल्या खोलीतून बायका दारात आल्या. मग मी बोललो, मोठ्यानं, जसं चालत्या गाडीत मागच्या सीटपर्यंत ऐकू जायला बोलावं लागतं तसं. “मुतखडा नोता त्याले. मलेबी नोता. मले प्रोस्टेटचा कॅन्सर हाय. दादालेबी तोच होता. तुमी लोक ज्याले हसता ना, त्या जागेचा. मीबी हसलो होतो. मले डॉक्टरनं सांगितलं होतं, भावाले आजच सांग म्हनून. मी नाई सांगितलं. तो मले इचारत होता, डॉक्टरकडे जाऊ का, मी म्हनलं थांब. पानं मी दिली त्याले.”

कोणीतरी म्हणालं, बायका आहेत, हळू बोला. त्या माणसाला मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. मग दुसरा एकजण म्हणाला, जाऊ द्या हो, भावाच्या दुःखात डोकं फिरलं त्यांचं. मला त्याचा जास्त राग आला. डोकं पहिल्यांदाच ठिकाणावर होतं आणि ही माणसं मला पाणी पाजायला निघाली होती.

वहिनी दारातल्या बायकांमधून पुढे आली. तेरा दिवसांत ती वाळून अर्धी झाली होती. ती रडली नाही, ओरडली नाही. माझ्यापासून चार हातांवर उभी राहिली आणि म्हणाली, “ते शेवटपर्यंत म्हनत होते, माह्या भावाले हेच झालं होतं, तो बरा झाला, मीबी होतो.” मग तिनं विचारलं, “आता काऊन सांगता?”

मी पुतण्याकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी मुलांचंही सांगितलं होतं, एवढं कसंबसं म्हणालो.

माझी बायको वहिनीच्या मागे उभी होती, वहिनीनं तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. मग ती आपल्या मुलाकडे वळली.

“उद्याच जाय अमरावतीले,” ती त्याला म्हणाली. “याच्यासंग जाय. याले दवाखाना मालूम हाय.”

ती लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा मी अकरावीत होतो. भाऊजी जेवले का, भाऊजी आले का, भाऊजींना विचारा, असं जवळजवळ पन्नास वर्षं चाललं. त्या दिवसापर्यंत तिनं मला कधी ‘याले’ म्हटलं नव्हतं.